गुरुजींचा दिवस

डोंगर चुकीच्या बाजूला उभा होता. मी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं, तरी तो तिथंच. आलेखाच्या मधली उभी रेघ म्हणजे उसाचं पाचट पेटून गावावर धूर आला तो दिवस. रेघेच्या उजवीकडे त्यानंतरचे दिवस, डावीकडे आधीचे. धुरानं माणसं जात असतील तर मरणांचा उंचवटा उजवीकडे यायला हवा, आधी धूर आणि मग मरण, इतकं साधं. उजवीकडे सपाट माळ होता. उंचवटा होता तो डावीकडे, म्हणजे उद्या येणाऱ्या धुरानं माणसं काल-परवाच मेलेली होती. आधी कळस मग पाया म्हणतात तो प्रकार. मला पहिल्यांदा हसू आलं. डावी बाजू मी कधी पाहतच नव्हते, कुणीच पाहत नाही, मेलेल्या माणसाला उद्याचा धूर काय करणार. अहवाल पाठवायच्या आधी उगाच एक खातरजमा म्हणून आज ती काढली. उजवी बाजू मात्र नाताळाच्या आधीपासून पाठ होती, आणि तिच्याच जोरावर आमच्या प्रकल्पाचे प्रमुख डॉक्टर रविराज यांनी शेवटचं वाक्य लिहून ठेवलं होतं की या अकरा गावांत पाचटाच्या धुराचा आणि मृत्यूंचा संबंध आढळत नाही. खाली नगरमधल्या सावेडीच्या रस्त्यावर रिक्षावाले नेहमीसारखे भांडत होते. हसू ओसरलं. आकडे खोटं बोलत नाहीत असं जे म्हणतात त्यांनी आकडे कधी पाहिलेले नसतात. पण आकडे विनाकारणही खोटं बोलत नाहीत. कुणीतरी त्यांना शिकवलेलं असतं.

तेवढ्यात पप्पांचा फोन आला. माझे वडील शांतवन गुरुजी, सोनईच्या अलीकडच्या आमच्या गावात राहतात. निवृत्त झाले त्याला जमाना झाला, आई गेली त्यालाही. छातीचं दुखणं जुनं. फोनवर आधी खोकला आला आणि मग ते आले. म्हणाले, शेजारची राहीबाई गेली, आत्ताच तिला पोचवून घरी आलो. मी खुर्चीत बसले. राहीबाई म्हणजे रोज दोन भाकरी फडक्यात बांधून पप्पांना आणून देणारी, आणि त्या भाकरींच्या बदल्यात मला वर्षानुवर्षं बोल लावणारी. मी विचारलं, कधी गेली. पप्पा म्हणाले, रविवारी रात्री. तिची लेक रेश्मा पुण्याहून यायची होती, म्हणून सोमवारभर मयत ठेवली. हे सगळं ते एका दमात म्हणाले, दम नसताना. मग जरा थांबून म्हणाले, तुझ्या कामातही रविवारच लिही.

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. ठेवल्यावर कळलं की सोमवारी दुपारी मी राहीबाईशी बोलले होते. पप्पांना फोन केला तर त्यांनी खोकत तो तिच्याच हातात दिला होता, आणि ती म्हणाली होती, "पोरी, लई धूर झालाय बघ आज. तू कवा येनार?" तिचा आवाज घोगरा होता. तो मी अजून ऐकत होते, कानात, संगणकाच्या पंख्याच्या घरघरीत, आणि पप्पांच्या म्हणण्याप्रमाणे ती त्या वेळी मेलेली होती.

हा धंदा मी का धरला हे कुणी विचारलं तर मी पगार सांगते, पण खरं कारण वेगळं आहे. लहानपणी माझी तुलना सतत कुणाशी तरी होई. मिशनच्या बोर्डिंगात ग्लोरियाशी, गावात पाटलांच्या मुलींशी, शाळेत गुरुजींच्या मुलीनं कसं असावं या कल्पनेशी. मोठेपणी ही पद्धत शिकले तेव्हा मला अक्षरशः सुटल्यासारखं झालं. इथं मेलेल्या माणसाची तुलना फक्त त्याच्याशीच करायची. राहीबाई सोमवारी गेली, तर त्याच महिन्यातले बाकीचे सोमवार घ्यायचे, ज्या सोमवारी ती जिवंत राहिली, आणि विचारायचं की या सोमवारी असं काय होतं जे त्या सोमवारी नव्हतं. तिचं वय, तिची मिश्री, चुलीपाशी गेलेलं आयुष्य, जात, धर्म, गरिबी सगळं दोन्हीकडे सारखंच, म्हणून आपोआप गळून पडतं. उरतो फक्त दिवस. एवढं न्यायाचं काही मी चर्चमध्येही पाहिलं नव्हतं. सगळी इमारत त्या एका दिवसावर उभी राहते. दिवस सरकला की खाली काही उरत नाही. आणि हे दिवस आम्ही गोळा कसे केले? घरोघर विचारून, आणि घरच्यांना नीट आठवत नसेल तर गावातल्या भरवशाच्या माणसाला विचारून. आमच्या गावचा भरवशाचा माणूस मीच सुचवला होता. त्याचं नाव मला शोधावं लागलं नाही.

मी तशीच गावाकडे निघाले. घोडेगावच्या फाट्यापर्यंत जीपमध्ये माझ्या शेजारी शिंगणापूरला निघालेलं एक कुटुंब होतं, मांडीवर तेलाची बाटली सांभाळत. त्यातल्या बाईनं कॅलेंडर पाहून नवऱ्याला आठवण केली की काल दुपारपासून पंचक लागलंय, तेव्हा कुणाकडे उतरायचं नाही. नवरा म्हणाला, देवाला कसलं पंचक. मी बाहेर पाहत होते. रसवंत्यांच्या मागं ऊस तुटून गेलेली वावरं होती, काही पिवळी, काही काळी. पंचक. चंद्राच्या फेऱ्यात दर महिन्याला पाचेक दिवस येणारं ते दडपण आमच्या घरात कधीच नव्हतं, म्हणून मला ते शब्दानंच ठाऊक होतं, भिंतीपलीकडच्या भांडणासारखं. पंचकात माणूस गेला की मागोमाग आणखी पाच जातात, घरातले किंवा गल्लीतले. मग कणकेच्या पाच बाहुल्या करून मयताबरोबर जाळायच्या, पाच जिवांच्या जागी. आणि तरीही त्या घराकडे लोक तेराव्यापर्यंत तिरक्या नजरेनं पाहतात, की आता आमच्यातला कोण.

आणि मग एकदम, कुणी दिवा लावावा तसं नव्हे, उलट कुणी तो विझवावा तसं, मला लहानपणच्या सकाळी आठवल्या. दारावर हलकी थाप. पप्पा उठत, कोट चढवत, आणि कुणाच्या तरी घरी जात. मीही कधीकधी मागं जाई. उंबऱ्यात बायका गप्प बसलेल्या असत, रडणं अजून सुरू झालेलं नसे. पप्पा आत जात, मेलेल्याच्या कपाळावर हात ठेवत, बाहेर येऊन शांतपणे सांगत की काल संध्याकाळीच गेलेत, किंवा परवा रात्री. आणि मग रडणं सुरू होई, मोकळं, जणू कुणीतरी परवानगी दिली. मला वाटे, माझ्या वडिलांना मेलेल्यांची नाडी कळते. मला त्यांचा भयंकर अभिमान वाटे. आम्हाला पंचक बाधत नाही, ख्रिस्ती माणसाला त्यात ना घेणं ना देणं, म्हणून गावानं तो शब्द आमच्या घरी ठेवायला दिला होता. गुरुजी सांगतील तो दिवस. खरा दिवस सगळ्या गल्लीला माहीत असे आणि सगळी गल्ली तो विसरून जाई, कारण भीती सगळ्यांची होती. झाकली मूठ. तलाठ्याला तोच दिवस, दवाखान्यात तोच, आणि माझ्याकडेही तोच. पंचकातली मरणं पंचकाच्या आदल्या दिवशी जाऊन बसत, अमावास्येची चतुर्दशीला. मुळात आमच्याकडे मरणं थोडी. त्यातली एवढी मागं सरकली की धुराच्या पुढचा डोंगर सपाट होतो आणि मागं उंचवटा येतो. अकरा गावं होती. प्रत्येक गावात कुणीतरी गुरुजी असणारच.

गावात शिरताना वास आला. हा वास मला आवडतो, हे सांगायला लाज वाटते. जळलेल्या पाचटाचा गोडसर, करपलेल्या काकवीसारखा वास. त्यात माझं सगळं बालपण आहे, दोरीवरच्या कपड्यांवर बसणारे काळे कण, आईचं ते झटकत पुटपुटणं, चहात तरंगणारी काजळी. थंडीत धूर वर जात नाही. घरांच्या उंचीवर बसून राहतो. मी नाकावर ओढणी धरली आणि लगेच सोडली, कारण लोक पाहत होते. पप्पा अंगणात खुर्चीवर बसले होते, कानटोपी घालून, पुढं वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. असं बसणं मी ओळखते. श्वास ज्यांना मागून घ्यावा लागतो ते असे बसतात. मी पर्समधलं प्राणवायू मोजायचं यंत्र त्यांच्या बोटाला लावलं, आणि त्यावरचा आकडा मला आवडला नाही.

मी म्हटलं, नगरला चला, आत्ता. ते म्हणाले, उद्या बघू, धुराचं काही नसतं, तूच तर म्हणालीस. नाताळात मी म्हणाले होते, अजून तरी आकड्यांत काही दिसत नाही. त्यातलं अजून तरी त्यांनी काढून टाकलं होतं, सगळे बाप मुलीच्या बोलण्यातून असंच काहीतरी काढून टाकतात. थंडीभर त्यांना नगरला न्यायचं ठरलं होतं ते त्या एका वाक्यानं रद्द झालं. मी विचारलं, हे तुम्ही गावात कुणाला सांगितलं का. ते जरा खुलले. म्हणाले, सगळ्यांना सांगितलं, पारावर सांगितलं, आप्पासाहेब धूर म्हटलं की वाद घालायचा त्यालाही सांगितलं की माझ्या पोरीनं मोजलंय. कानिफनाथ तर पाचट पेटवायचं का नाही म्हणून खास विचारायला आला होता, आईला दम लागतो म्हणून. त्याला म्हटलं, पेटव बिनघोर.

राहीबाईचा मुलगा कानिफनाथ यानं सोमवारी सकाळी घरामागचं पाचट पेटवलं, गुरुजींच्या शब्दावर. गुरुजींचा शब्द माझ्या आकड्यांवर. माझे आकडे गुरुजींच्या शब्दावर. कुठून धरावं आणि कुणावर रागवावं; आपलेच दात आणि आपलेच ओठ. मला त्या म्हाताऱ्याचा असा संताप आला की डोळ्यांपुढं काळं झालं, आणि त्याच वेळी त्याच्या कानटोपीतून बाहेर आलेले पांढरे केस पाहून रडू येत होतं. शेवटी मी एवढंच विचारलं, "पप्पा, किती जणांचे दिवस बदललेत तुम्ही?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मास्तरकीत चुकलेल्या मुलाकडे पाहायचे तसं नाही, चुकलेल्या मुलासारखं. "ज्यांनी ज्यांनी मागितलं त्यांचे," ते म्हणाले. "माणूस तर गेलेलाच असतो, बाळा. एका दिवसानं त्याला काय फरक पडतो? मागच्यांना झोप लागते."

पलीकडच्या अंगणात राहीबाईची भाकरीची परात उपडी घातलेली होती. मी मनातल्या मनात डोंगर उचलला आणि त्याच्या खऱ्या जागी ठेवला. धुराच्या दिवशी चढ सुरू होतो, आणि सगळ्यात उंच जागा येते ती त्याच दिवशी नाही, नंतर. आज मंगळवार होता, म्हणजे चढ अजून संपलेला नव्हता. आता इथून पळून काही उपयोग होता का, हे मला कुठलाच आलेख सांगत नव्हता. जो धूर छातीत गेला तो गेला, तो आता आपल्या वेळेनं काम करणार. गल्लीत दम्याची माणसं कोणकोण आहेत ते मला ठाऊक होतं. मळ्यातली बनुबाई. चर्चजवळचा दीना. आप्पासाहेबांचा थोरला भाऊ. आणि ही खुर्ची. पंचक मागोमाग पाच नेतं म्हणतात. कुणी मोजलेलं नसतं, पण भीती काही उगाच येत नाही. थंडीत एक गेला की दुसरा जातोच, कारण दोघांच्या घरात धूर एकच असतो. आजवर मी ज्याला अडाणीपणा म्हणत होते तो उजव्या बाजूचा डोंगर होता, आणि माझं जे शास्त्र होतं ते सपाट माळ.

कानिफनाथ आला. डोकं भादरलेलं, अंगावर साधा पंचा, वर शाल. सुतकातला माणूस उंबरा ओलांडत नाही, म्हणून अंगणाच्या कडेला उभा राहिला. पप्पांना नगरच्या दवाखान्यात न्यायला गाडी हवी, असं मी म्हटल्यावर तो क्षणभर दक्षिणेकडे पाहत राहिला. पंचकात दक्षिणेला जात नाहीत, आणि नगर आमच्या दक्षिणेलाच. मग म्हणाला की माझीच जीप काढतो, गुरुजींना दुसऱ्या कुणाच्या गाडीत नको. जायला वळला आणि परत फिरला.

"ताई, एक इचारू? आई धुरानं न्हाई ना गेली?"

खरं सांगायचं तर राहीबाई सोमवारी गेली, हे त्यालाही ठाऊक असलेलं आधी उघड बोलायला हवं, आणि सोमवार म्हटलं की त्याच्या घरात पंचक. खोटं सांगायचं तर तेवढंच सोपं होतं, रविवारी धूर नव्हताच. मी म्हटलं, बघावं लागेल. असली वाक्यं मला नोकरीनं शिकवली आहेत. त्यानं मान हलवली, समाधान झाल्यासारखी, आणि ते समाधान मला पाहवेना.

पप्पांना मी मागच्या सीटवर टेकवून बसवलं आणि त्यांच्या शेजारी बसले. ऊन अजून होतं, पण धुरातून ते तांबडं होऊन येत होतं, भरदुपारी संध्याकाळ असल्यासारखं. त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता आणि प्रत्येक श्वासाला वर उचलला जात होता. मी तो खांदा मोजत होते. मोजण्याखेरीज मला येतं काय. कालव्याच्या पुलावर आलो तेव्हा पप्पा पुढं वाकले आणि कानिफनाथच्या शालीवर हात ठेवला. बोलताना मध्ये मध्ये ते थांबत होते.

"कानिफ, राही सोमवारी गेली. दिवेलागणीला. मी रविवार दिला. धूर सोमवारचा होता."

जीप चालतच राहिली. मला वाटलं, त्याला ऐकू गेलं नाही. मग तिचा वेग कमी कमी होत गेला आणि ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली. कानिफनाथनं मागं वळून पाहिलं नाही. त्यानं मोबाईल काढला आणि आप्पासाहेबांना लावला, कारण आज दुपारून त्यांचा मळा पेटवायचा होता हे गावात सगळ्यांना माहीत होतं. तो म्हणाला, "आप्पा, पाचट पेटवू नगा. आई सोमवारी गेलीया. व्हय, पंचकात. धुरानं." आपल्या तोंडानं त्यानं आपल्या घराला ते लावून घेतलं. तेराव्याला आता त्याच्या दारात कोण येणार होतं? पलीकडून बराच वेळ काही बोललं जात होतं. मग तो म्हणाला, "कवा?" आणि मोबाईल मांडीवर ठेवला.

मागच्या काचेतून मी पाहिलं. गावाच्या त्या बाजूला, बनुबाईच्या मळ्याला लागून, नवा धूर उठला होता. आधी सरळ वर गेला, मग थंडीनं दाबल्यासारखा आडवा झाला आणि घरांकडे सरकू लागला. आज मंगळवार. माझ्या डोक्यात नवी उभी रेघ उभी राहिली, तिच्या उजवीकडे बुधवार, गुरुवार, शुक्रवार मोकळे पडलेले.

कानिफनाथनं गाडी सुरू केली, दक्षिणेकडे. पप्पांनी डोळे मिटले होते. ओठ जरा निळसर वाटत होते, किंवा तो काचेचा रंग असेल. त्यांनी माझा हात शोधला.

"आपल्यात पंचक नसतं," ते म्हणाले. "माझा दिवस खरा लिही."

मी हो म्हटलं. दोनदा म्हटलं. ज्या दिवसावर माझी सगळी इमारत उभी असते तो दिवस माझे वडील माझ्याकडे मागत होते, आणि जगात त्यांनी तो मागावा असं माझ्याखेरीज दुसरं माणूस नव्हतं. त्यांचा खांदा वर गेला, थांबला, खाली आला. पुन्हा वर जायला त्यानं जास्त वेळ घेतला. पुढं नगरचा रस्ता सरळ आणि मोकळा होता. रविवारी धूर नव्हता. रविवारपर्यंत कुणी काही पेटवलं नव्हतं, मी सांगितलेलं कुणाच्या छातीत गेलं नव्हतं. त्यांचा हात हातात धरून, त्यांचा श्वास चालू असताना, मी मनात त्यांच्या नावापुढं रविवार लिहिला.